मजुरीचा हिशेब मांडणारे धर्मगुरू : मॉन्सिन्योर जॉन रायन



आजच्या शुभवर्तमानातला द्राक्षमळ्याच्या धन्याचा दाखला आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. कोणी पहाटेपासून राबला, कोणी भर दुपारी आला, कोणी दिवस कलल्यावर तासभरच काम केले. संध्याकाळी मात्र प्रत्येकाच्या हातावर एकेक दीनार पडला. हा दाखला देवाच्या कृपेचा आहे, मजुरीच्या कायद्याचा नव्हे, हे खरे. तरीही तो वाचला गेला की मिस्सा संपल्यावर कोणीतरी आम्हांला ग्रोटोपाशी गाठतो आणि हा कसला न्याय म्हणून विचारतो. विचारणारा बहुधा स्वतः पहाटेपासून राबणारा असतो. त्यामुळे त्याचा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही.

एक गोष्ट मात्र आपण विसरतो. दीनार ही त्या काळी एका दिवसाची मजुरी होती. तेवढ्यावर एका घराचा एक दिवस निघत असे. उशिरा आलेल्या मजुराच्या घरीही खाणारी तोंडे होतीच. त्याला दीनाराचा बारावा हिस्सा दिला असता तर हिशेब चोख झाला असता आणि पोरे उपाशी झोपली असती. काम किती झाले आणि घराला किती लागते, या दोन मापांचे भांडण फार जुने आहे. या भांडणात ज्यांनी आपले सारे आयुष्य घातले अशा एका धर्मगुरूंचे चरित्र आज आम्ही आपल्यापुढे ठेवीत आहोत. अमेरिकेतील मॉन्सिन्योर जॉन ऑगस्टीन रायन यांचे निधन १६ सप्टेंबर १९४५ रोजी झाले. सप्टेंबरचा पहिला सोमवार तिकडे कामगार दिन म्हणून पाळला जातो. तेव्हा या महिन्यात त्यांचे स्मरण करणे उचितच होईल.

शेतकऱ्याचा थोरला मुलगा

जॉनचा जन्म २५ मे १८६९ रोजी मिनेसोटा राज्यातील व्हर्मिलियन या खेड्यात झाला. आईवडील आयर्लंडहून आलेले. अकरा भावंडांत जॉन थोरला. घरची शेती होती, पण शेतीवर कर्ज होते. गहू पिकवायचा शेतकऱ्याने आणि भाव ठरवायचा रेल्वे कंपन्यांनी व धान्याच्या व्यापाऱ्यांनी, असा तो काळ होता. पीक भरघोस आले की भाव पडे, आणि भाव चढे तेव्हा शेतकऱ्याच्या कोठारात काही उरलेले नसे. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

जॉनचे वडील शेतकऱ्यांच्या संघटनेत जात असत. घरी 'आयरिश वर्ल्ड' नावाचे वर्तमानपत्र येई. जमीन कोणाची, श्रम कोणाचे आणि नफा कोणाच्या खिशात जातो, याची चर्चा त्यात असे. त्याच परगण्यातले इग्नेशियस डॉनेली हे शेतकऱ्यांचे गाजलेले पुढारी होते. त्यांच्या विचारांचा जॉनच्या मनावर खोल ठसा उमटला. पुढे पुस्तकांतून जे शिकायचे होते त्याची बाराखडी या मुलाने अशी घरीच गिरवली होती.

सेंट पॉल शहरात ख्रिस्ती ब्रदरांच्या शाळेत शिकून जॉनने १८८७ साली सेमिनरीत प्रवेश घेतला. त्या वर्षांत अमेरिका आतून धुमसत होती. १८९२ साली होमस्टेड येथील पोलाद कारखान्यात संप आणि रक्तपात झाला. १८९३ साली मोठी मंदी आली. १८९४ साली शिकागोजवळ रेल्वेचे डबे बनवणाऱ्या पुलमन कंपनीने मजुरी कापली, पण कामगार ज्या घरांत राहत त्या कंपनीच्याच घरांचे भाडे मात्र तसेच ठेवले. पगार घेताना एक हात आणि भाडे देताना दुसरा हात, दोन्ही मालकाच्याच तिजोरीत. संप पेटला, सैन्य आले, माणसे मेली.

याच सुमारास तरुण रायन यांच्या हाती पोप लिओ तेरावे यांचे 'रेरुम नोव्हारम' हे परिपत्रक पडले. ते १८९१ साली प्रसिद्ध झाले होते. रायन यांनी ते १८९४ साली वाचले. मजुरी केवळ मालक आणि कामगार यांच्या संमतीने न्याय्य ठरत नाही, काटकसरी कामगाराचा निर्वाह होईल इतकी ती असलीच पाहिजे, असे त्यात पोपमहोदयांनी शिकवले होते. वडिलांच्या शेतावर जे डोळ्यांनी पाहिले होते त्याला ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीत आधार सापडला. रायन यांच्या पुढच्या साऱ्या आयुष्याचा पाया इथे पडला. १८९८ साली आर्चबिशप जॉन आयर्लंड यांच्या हस्ते त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

सहाशे डॉलरचा प्रश्न

आर्चबिशपांनी या नव्या धर्मगुरूंना वॉशिंग्टनच्या कॅथलिक विद्यापीठात नीतिशास्त्र शिकायला पाठवले. १९०२ पासून ते सेंट पॉलच्या सेमिनरीत शिकवू लागले आणि शिकवता शिकवता त्यांनी आपला प्रबंध पुरा केला. १९०६ साली तो पुस्तकरूपाने निघाला. त्याचे नाव 'अ लिव्हिंग वेज'. आपण त्याला निर्वाह वेतन म्हणू. सोप्या भाषेत, संसार चालेल इतका पगार. धर्मगुरूच्या प्रबंधाला प्रस्तावना लिहिली ती रिचर्ड एली या नामवंत प्रॉटेस्टंट अर्थशास्त्रज्ञांनी. यावरून त्या पुस्तकाची योग्यता लक्षात यावी.

फादर रायन यांचा युक्तिवाद पायरी पायरीने जातो. प्रत्येक माणसाला देवाने दिलेली प्रतिष्ठा आहे. कोणीही माणूस दुसऱ्याच्या सुखाचे नुसते साधन नाही. देवाने ही पृथ्वी सर्वांसाठी निर्माण केली, म्हणून तिच्या फळांवर सर्वांचा वाटा आहे. ज्याच्याकडे जमीन वा भांडवल आहे तो आपला वाटा त्यातून घेतो. ज्याच्याकडे दोन हातांशिवाय काही नाही, त्याला हा वाटा मिळण्याचा रस्ता एकच, तो म्हणजे मजुरी. ती मजुरी माणसासारखे जगण्याला पुरत नसेल तर त्याचा वाटा त्याच्यापासून अडवून ठेवला आहे, असाच अर्थ होतो. म्हणून पुरेसा पगार हे मालकाचे औदार्य नव्हे. ते त्याच्यावरचे देणे आहे.

इथपर्यंत बरेच जण आले असते. फादर रायन पुढे गेले. पुरेसा म्हणजे नेमका किती, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. घरभाडे, धान्य, कपडे, जळण, आजारपण, मुलांचे शिक्षण, म्हातारपणाची थोडी तरतूद, चर्चची वर्गणी, वर्षातून एखाददुसरा आनंदाचा दिवस, असा एकेक खर्च त्यांनी जमेस धरला. आईवडील आणि चारपाच मुले अशा कुटुंबाला अमेरिकेच्या शहरात वर्षाला निदान सहाशे डॉलर हवेत, असा त्यांचा अंदाज निघाला. मग त्यांनी सरकारी अहवाल तपासले. उद्योगधंद्यांत राबणाऱ्या प्रौढ पुरुषांपैकी निदान साठ टक्क्यांना सहाशे डॉलरही मिळत नव्हते. जगातील एका अत्यंत श्रीमंत देशात दर दहा कामगारांतले सहा जण पुरेशा पगाराखाली होते.

बंधुभगिनींनो, नीतिशास्त्राच्या प्रबंधात घरभाडे आणि कोळशाचा भाव यावा, हे त्या काळी अनेक विद्वानांना रुचले नसेल. आम्ही स्वतः सेमिनरीत तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी असताना न्याय या एका शब्दावर रात्र रात्र काथ्याकूट केला आहे. मेसमध्ये भांडी घासणाऱ्या माणसाचा पगार किती, हे विचारायचे मात्र आमच्यापैकी एकालाही सुचले नाही. फादर रायन यांचे मोठेपण आम्हांला इथे दिसते. आकड्यापर्यंत न पोहोचलेला न्याय कोणाच्या चुलीपर्यंत पोहोचत नाही, हे त्यांनी ओळखले.

राजीखुशीचा करार

त्यांच्यावर पहिला आक्षेप आला तो असा की, कामगाराने पगार मान्य केला आहे, मग अन्याय कसला? दोन शहाण्या माणसांनी राजीखुशीने केलेला व्यवहार तिसऱ्याने का मोडावा?

आक्षेप वजनदार आहे. बाजारात आपण मासळीचा भाव करतो तेव्हा कोळीण आणि गिऱ्हाईक दोघेही राजी असतात. पण त्यात एक गोष्ट गृहीत असते. भाव पटला नाही तर गिऱ्हाईक दुसऱ्या टोपलीकडे जाऊ शकते. कारखान्याच्या फाटकाशी उभ्या असलेल्या माणसाची स्थिती तशी नसते. मालकाला एक कामगार महिनाभर मिळाला नाही तरी त्याचे जेवण चुकत नाही. कामगाराला आठवडाभर काम मिळाले नाही तर त्याच्या घरची चूल विझते. एकाला थांबता येते, दुसऱ्याला थांबता येत नाही. ज्याला थांबता येत नाही त्याचा होकार हा भुकेने वदवून घेतलेला होकार असतो. असा होकार कागदावर चालतो, पण देवापुढे चालत नाही.

मालकाची अडचणही फादर रायन यांनी ध्यानात घेतली. धंदा खरोखरच डबघाईला आला असेल तर अशक्य ते कर, असे कोणी कोणाला सांगू शकत नाही. मात्र स्वतःच्या चैनीला आणि भांडवलावरच्या व्याजाला आधी हात लावायचा, कामगाराच्या पुरेशा पगाराला शेवटी, हा क्रम त्यांनी ठामपणे सांगितला. सर्व मालक एकमेकांच्या स्पर्धेत असताना एकट्या भल्या मालकाने पगार वाढवला तर तो बुडू शकतो, हेही त्यांना दिसत होते. म्हणून सर्वांना सारखाच लागू होईल असा कायदा हवा, या निष्कर्षाला ते आले.

कायद्याच्या दारात

१९१२ साली मॅसॅच्युसेट्स राज्याने अमेरिकेतील पहिला किमान वेतन कायदा केला. १९१३ साली आणखी आठ राज्यांनी तसे कायदे केले. त्यांतला मिनेसोटाचा मसुदा फादर रायन यांनी लिहिला होता. ओरेगन राज्यात त्यांचे विद्यार्थी फादर एडविन ओहारा यांनी पुढाकार घेतला. तिथे कॅरोलिन ग्लीसन या तरुणीने स्त्री कामगारांच्या पगाराची पाहणी केली. नुसते कागद न भरता ती स्वतः कारखान्यात कामाला राहिली. पुढे ती सिस्टर मिरियम थेरेसा झाली आणि फादर ओहारा बिशप झाले. हे सारे कायदे मात्र केवळ स्त्रिया आणि मुलांसाठी होते. प्रौढ पुरुषांच्या पगारात हात घालायला न्यायालये तयार नव्हती.

१९१५ साली फादर रायन वॉशिंग्टनच्या कॅथलिक विद्यापीठात प्राध्यापक म्हणून गेले. पहिले महायुद्ध संपल्यावर देशाची घडी पुन्हा कशी बसवावी यावर अमेरिकन बिशपांच्या समितीने १२ फेब्रुवारी १९१९ रोजी एक कार्यक्रम जाहीर केला. तो लिहिला होता फादर रायन यांनी. किमान वेतन, बेकारी, आजारपण व म्हातारपण यांसाठी विमा, बालमजुरीला बंदी, संघटना करण्याचा कामगारांचा हक्क, कामगारांसाठी घरे, कारखान्याच्या कारभारात कामगारांना वाटा, या गोष्टी त्यात होत्या. कारखानदारांच्या राष्ट्रीय संघटनेच्या अध्यक्षांनी कार्डिनल गिबन्स यांच्याकडे तक्रार केली की, हा समाजवादाचा प्रचार आहे. गंमत अशी की, हेच फादर रायन पाच वर्षांपूर्वी मॉरिस हिलक्विट या समाजवादी पुढाऱ्याशी एका मासिकातून जाहीर वाद घालून समाजवादाला विरोध करीत होते. खाजगी मालमत्ता त्यांना मान्य होती. ती मूठभरांच्या हाती साठून राहावी, हे मान्य नव्हते. १९२० पासून ते बिशपांच्या सामाजिक कार्य विभागाचे संचालक झाले आणि अखेरपर्यंत त्या जागी राहिले.

घरातूनही विरोध झाला. १९२४ साली बालमजुरी थांबवण्यासाठी राज्यघटनेत दुरुस्ती सुचवण्यात आली तेव्हा फादर रायन यांनी तिला पाठिंबा दिला, तर बॉस्टनचे कार्डिनल ओकॉनेल तिच्या विरोधात उभे राहिले. एका कार्डिनलांच्या नाराजीचे ओझे साध्या धर्मगुरूवर किती पडते, हे धर्मगुरूच जाणोत. ते मागे हटले नाहीत आणि त्यांनी आज्ञापालनही सोडले नाही.

चौदा वर्षांचा बंद दरवाजा

१९२३ साली मोठा आघात झाला. वॉशिंग्टनमधील एका हॉटेलात लिफ्ट चालवणारी एकवीस वर्षांची मुलगी होती. तिला महिन्याला पस्तीस डॉलर आणि दोन वेळचे जेवण मिळे. नव्या कायद्याने तिला अधिक पगार द्यावा लागला असता, तेव्हा हॉटेलने तिला कामावरून काढले. आहे त्याच पगारावर काम करायला आपण राजी आहोत, असे सांगत ती न्यायालयात गेली. सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनाचा तो कायदा रद्द केला. करार करण्याच्या स्वातंत्र्यावर त्याने घाला येतो, असे कारण दिले. कमी पगार घेण्याचे तिचे स्वातंत्र्य अबाधित राहिले! फादर रायन यांनी आयुष्यभर ज्या राजीखुशीच्या कराराशी झुंज दिली, त्याच करारावर न्यायालयाने शिक्कामोर्तब केले. त्यांनी या निकालावर कडक टीका केली, पण पुढे चौदा वर्षे दरवाजा बंद राहिला.

मग १९२९ ची महामंदी आली. १९३१ साली पोप पायस अकरावे यांनी 'क्वाद्राजेसिमो आन्नो' या परिपत्रकात कुटुंबाला पुरेल अशा पगाराची शिकवण पुन्हा ठासून सांगितली. १९३३ मध्ये फ्रँकलिन रुझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाले. त्याच वर्षी फादर रायन यांना मॉन्सिन्योर हा मान मिळाला. रुझवेल्ट यांच्या सरकारला ते सल्ला देत, आणि १९१९ च्या कार्यक्रमातील बऱ्याच गोष्टी हळूहळू कायद्यात उतरू लागल्या.

१९३६ च्या निवडणुकीत रेडिओवरून लक्षावधी लोकांना भडकवणारे फादर चार्ल्स कॉफ्लिन रुझवेल्ट यांना कम्युनिस्ट ठरवू लागले. तेव्हा ८ ऑक्टोबर १९३६ रोजी मॉन्सिन्योर रायन यांनी रेडिओवरूनच त्यांना उत्तर दिले. त्यानंतर त्यांच्याकडे पत्रांचा ढीग आला. त्यांतली बहुतेक संतापाची होती आणि लिहिणारे कॅथलिकच होते. धर्मगुरूने एखाद्या राजकीय पक्षाच्या इतके जवळ जावे का, हा प्रश्न तेव्हाही लोकांनी विचारला आणि आम्हांलाही तो विचारावासा वाटतो.

त्यांच्या चुकाही झाकून ठेवू नयेत. संपूर्ण कुटुंबाचा पगार पुरुषाला आणि स्त्रीला केवळ तिच्या एकटीपुरता, असा त्यांचा हिशेब होता. एकटीने घर ओढणाऱ्या विधवेचे त्यात काय व्हायचे? तसेच १९२२ साली निघालेल्या एका पुस्तकात कॅथलिक राष्ट्रात इतर धर्मांच्या प्रसारावर बंधन घालता येईल, असे मत त्यांनी मांडले. १९२८ साली अल स्मिथ हे कॅथलिक उमेदवार राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले तेव्हा विरोधकांनी त्याच पुस्तकाचा दाखला दिला. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने धर्मस्वातंत्र्याचा हक्क सर्वांसाठी मान्य केला. थोर माणसेही आपल्या काळाच्या कुंपणात राहतात.

ताशी पंचवीस सेंट

१९३७ साली दरवाजा उघडला. वॉशिंग्टन राज्यात हॉटेलच्या खोल्या साफ करणाऱ्या एल्सी पॅरिश या बाईने कायद्याने ठरलेल्या आणि आपल्याला न मिळालेल्या पगाराचे सुमारे २१६ डॉलर मागितले. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तिच्या बाजूने निकाल दिला आणि १९२३ चा निकाल मोडीत काढला. २५ जून १९३८ रोजी रुझवेल्ट यांनी साऱ्या देशासाठीच्या किमान वेतन कायद्यावर सही केली. ताशी पंचवीस सेंट, आठवड्याचे चव्वेचाळीस तास, त्यापुढे दीडपट मजुरी आणि उद्योगांत बालमजुरीला आळा. पुरुष आणि स्त्री दोघांनाही तो लागू होता. प्रबंध प्रसिद्ध झाल्याला तेव्हा बत्तीस वर्षे झाली होती.

तो कायदा अपुरा होता. शेतमजूर आणि घरकामगार त्यातून वगळले गेले, आणि दक्षिणेतील कृष्णवर्णीय कामगार बहुतांशी हीच कामे करीत. शेतमजुरांना १९६६ नंतर आणि घरकामगारांना १९७४ नंतर त्याचा लाभ मिळू लागला.

१९३७ साली राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीत आशीर्वादाची प्रार्थना करण्याचा मान मॉन्सिन्योर रायन यांना मिळाला, आणि पुन्हा १९४५ साली. त्याच वर्षी सप्टेंबरात सेंट पॉल येथे त्यांनी देह ठेवला. युद्ध नुकतेच संपले होते. पुढची पंचवीसतीस वर्षे अमेरिकन कामगाराला बरी गेली. कारखान्यातले उत्पादन वाढे तशी मजुरीही वाढे, आणि एका पगारावर घर, मुलांचे शिक्षण व म्हातारपणाची तरतूद होण्याचे दिवस अनेकांनी पाहिले.

थांबलेला आकडा

इथे चरित्र संपायला हवे होते. पण रायन यांनी मांडलेला हिशेब अजून संपलेला नाही.

१९७० च्या दशकापासून अमेरिकेत कामगाराचे उत्पादन वाढत राहिले, सामान्य कामगाराची मजुरी मात्र त्या वेगाने वाढली नाही. ही दरी किती रुंद, यावर अर्थशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. ती पडली, हे बहुतेक जण मानतात. १९५० च्या दशकात सुमारे एकतृतीयांश कामगार संघटनांत होते, २०२४ साली जेमतेम दहा टक्के उरले. कारखाने परदेशी गेले, यंत्रे आली. इकॉनॉमिक पॉलिसी इन्स्टिट्यूट या संस्थेच्या हिशेबाने १९६५ साली मोठ्या कंपनीच्या प्रमुखाला सामान्य कामगाराच्या सुमारे वीसपट मिळत होते, २०२४ साली अडीचशेपटींहून अधिक. देशातील एकूण संपत्तीपैकी सुमारे तीस टक्के वरच्या एक टक्का घरांकडे आहे, तर खालच्या निम्म्या घरांच्या वाट्याला तीन टक्केही येत नाही.

आणि किमान वेतन? १९६८ साली ते ताशी १ डॉलर ६० सेंट होते. महागाई धरली तर ते २०२५ च्या सुमारे पंधरा डॉलरांच्या घरात जाते. जुलै २००९ मध्ये ते ७ डॉलर २५ सेंट ठरले. २०२५ साल उलटले तरी देशाच्या कायद्यातला आकडा तोच राहिला. १९३८ पासून इतका दीर्घकाळ तो कधीच थांबला नव्हता. सुमारे तीस राज्यांनी आपापले दर वाढवले हे खरे, पण उरलेल्या राज्यांत सव्वासात डॉलरच कायदा आहे.

फादर रायन यांच्या पद्धतीने आपणही वही घेऊन बसू. आठवड्याचे चाळीस तास, वर्षाचे बावन्न आठवडे, एकही सुटी नाही. हाती येतात १५,०८० डॉलर. अमेरिकन सरकारने २०२५ साठी ठरवलेली दारिद्र्याची रेषा एकट्या माणसासाठी १५,६५० डॉलर आणि चौघांच्या कुटुंबासाठी ३२,१५० डॉलर होती. म्हणजे वर्षभर एक दिवसही न चुकता राबणारा माणूस, मुलेबाळे नसताना, सरकारच्याच हिशेबाने गरीब ठरतो. सहाशे डॉलरचा प्रश्न एकशेवीस वर्षांनी पुन्हा दारात उभा आहे.

यातला दोष कोण्या एका दुष्ट माणसाचा असता तर सोपे झाले असते. इथे कोणी कोणाचा पगार कापला नाही. आकडा जिथे होता तिथेच राहिला आणि भाडे, औषध, दूध पुढे गेले. अन्याय करायला दरवेळी हात उचलावा लागत नाही. हात न उचलल्यानेही तो होतो. एकदा ठरवलेला न्याय पुन्हा पुन्हा मोजला नाही, तर तो हळूहळू अन्याय होऊन बसतो. रायन यांच्या चरित्रातून आम्ही घेतलेला धडा हाच.

आमची वही

हा लेख लिहिता लिहिता आम्ही आमच्या पॅरिश हाउसची खर्चाची वही उघडली, आणि आम्हांला लाज वाटली. स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींचा पगार आम्ही या धर्मग्रामात आलो तेव्हा होता तोच होता. चार वर्षे झाली. या चार वर्षांत सिलिंडर, तेल, रिक्षाचे भाडे सारे वाढले. बाजारहाटाची यादी रोज आमच्या डोळ्यांखालून जात होती. मावशींनी कधी मागितले नाही, म्हणून आम्ही कधी पाहिले नाही. कोणी आमच्याशी भांडले असते तर आम्ही करारावर बोट ठेवले असते. अमेरिकेच्या संसदेला नावे ठेवण्याआधी आमचे सव्वासात डॉलर आमच्याच स्वयंपाकघरात सापडले. फायनान्स कमिटीशी बोलून आम्ही चूक सुधारली आहे. यापुढे दरवर्षी संत जोसेफ कामगार यांच्या सणाला, १ मे रोजी, चर्चच्या सर्व सेवकांच्या पगाराचा हिशेब नव्याने मांडला जाईल. तारीख आम्ही मुद्दाम छापून ठेवीत आहोत. आम्ही विसरलो तर आपण आठवण करून द्यावी.

आपल्या राज्यघटनेच्या त्रेचाळिसाव्या कलमातही कामगारांना निर्वाह वेतन मिळवून देण्याचे ध्येय राज्यापुढे ठेवले आहे. पण घटना आपल्या घरच्या वहीत डोकावत नाही. आपल्यापैकी कोणाकडे धुणीभांडी करणाऱ्या बाई येतात, कोणाच्या वाडीत गडी आहे, कोणाच्या दुकानात पोऱ्या आहे, कोणाच्या आजारी आईपाशी रात्रीची बाई बसते. त्यांनी मागितले नाही, हे उत्तर पुरेसे नाही. या आठवड्यात एकदा कागदपेन घेऊन बसावे. आपण देतो त्यात त्यांच्या घरी काय काय भागते, ते लिहून पाहावे. शक्य तर त्यांनाच विचारावे. आणि आपल्यापैकी जे स्वतः दुसऱ्याच्या नोकरीत तुटपुंज्या पगारावर राबत आहेत, त्यांनी पुरेसा पगार मागण्यात कमीपणा मानू नये. ते मागणे देवाच्या न्यायाला धरून आहे.

द्राक्षमळ्याच्या धन्याने संध्याकाळ झाल्यावर स्वतः आठवण ठेवून मजुरांना बोलावले. कोणाला मागावे लागले नाही. तो धनी आपल्याला त्याच्या हिशेबाची बुद्धी देवो, आणि मॉन्सिन्योर जॉन रायन यांच्या आत्म्यास चिरशांती देवो.

आपला ख्रिस्तात,
प्रमुख धर्मगुरू